दुपारचं शेत

उन्हं पुरती कलल्याशिवाय नोएली वरच्या शेताकडे कुणाला नेत नसे. फाटकावर तिने पाटीच लावली होती, ‘सूर्यास्ताची सहल’, आणि लोकांना ते नाव आवडायचं. त्यामागचं खरं कारण मात्र येणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. शेत आजारी होतं. लॅव्हेंडरची निम्मी झुडपं करडी पडून वाळली होती आणि ओळी दात पडलेल्या तोंडासारख्या दिसत होत्या. पण शेताच्या खालच्या कोपऱ्यात, दगडी बांधापाशी उभं राहिलं आणि सूर्य समोरच्या डोंगराला टेकायला आला, की त्या आडव्या उजेडात पुढचं झुडूप मागच्या फटीवर सरकायचं, तुरे आतून पेटल्यासारखे दिसायचे आणि सगळं शेत जांभळ्या रजईसारखं सलग होऊन जायचं. हे फार वेळ टिकत नसे. तेवढ्यात बोलणं आटपायचं आणि माणसांना खाली आणायचं, एवढंच तिने सांभाळलं होतं.

त्या शुक्रवारी बस भर उन्हात, पाचच्या सुमारास आली. उन्हाळ्यात तिथे सूर्य साडेआठच्या पुढे मावळायचा, त्यामुळे पाच म्हणजे अजून दुपारच.

नोएली शेडच्या दारात बसून वाळल्या फुलांच्या पुरचुंड्या बांधत होती. धुळीचा लोट बघून ती उठली, गुडघ्यावर हात दाबून क्षणभर थांबली, मग पुढे गेली. बसचा चालक ल्युदोविक खाली उतरला. हा दर उन्हाळ्यात दोनचारदा येणारा, ओळखीचा.

“तुम्ही साडेसातला येणार होतात,” ती म्हणाली.

“रागावू नका, मादाम. माझी विश्रांती भरायची राहिलीय. एकदा बस लावली की मी चाकाला हात लावला नाही, तरच रात्री यांना हॉटेलवर पोचवता येईल. कायदा आहे.”

“मग कायदा खालच्या गावात पाळायचा. तिथे चौकात दोन कॅफे आहेत.”

“तिथे बस लावायला जागा नाही. इथे सावली आहे, आणि तुम्ही प्रेमळ आहात.”

“आधी लोकांना उतरव. प्रेमाचं नंतर बघू.”

ल्युदोविकने बस लिंडेनच्या झाडाखाली घेतली, खुर्ची मागे पाडली आणि टोपी तोंडावर ओढली. बसमधून एकेक करून म्हातारी माणसं उतरू लागली. पार उत्तरेकडच्या, कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातल्या एका गावाचा निवृत्तांचा क्लब होता. सकाळपासून त्यांना तीन गावं, एक मठ आणि एक साबणाचा कारखाना दाखवून झाला होता. कुणाच्याही चेहऱ्यावर आता आणखी काही बघायची हौस उरलेली नव्हती. पुढे होत्या ह्युगेत, क्लबच्या अध्यक्षा, ठेंगण्या, डोक्यावर कागदी जपानी छत्री.

“स्वच्छतागृह?” त्यांनी विचारलं. नमस्कार वगैरे नंतर.

“शेडच्या मागे. एकच आहे.”

“एकच,” ह्युगेत मागे वळून म्हणाल्या, आणि तो शब्द रांगेतून शेवटपर्यंत पोचत गेला.

त्यांची रांग लागते न लागते तोच रेजिस ट्रॅक्टर घेऊन खालच्या शेतातून आला. रेजिस नोएलीचा धाकटा भाऊ. शेती तो करायचा. नोएली गावच्या शाळेत शिक्षिका होती. शाळा बंद झाली, ती निवृत्त झाली, आणि तेव्हापासून उन्हाळ्यात ती ही सहल चालवत होती. वरचं शेत आईकडून दोघांच्या नावावर आलेलं होतं, आणि गेल्या वसंतापासून त्या शेताने दोघांमध्ये ठाण मांडलं होतं.

रेजिसने इंजिन बंद केलं, पण तो खाली उतरला नाही.

“मास्तरीणबाई, वर्ग आज लवकर भरला.”

“तुझ्यासारखा उशिरा भरत नाही माझा.”

“आज बैठक आहे सोसायटीची. नऊला. ठाऊक आहे ना?”

ठाऊक होतं. पठारावरच्या शेतकऱ्यांची अवजारांची सहकारी सोसायटी होती. महागडी यंत्रं सगळ्यांची मिळून असत आणि कुणाला कधी मिळायची ते या बैठकीत ठरे. झुडपं मुळासकट उपटायचं यंत्र एकच होतं. आज पाळी लावली तर सप्टेंबरात मिळणार, नाही लावली तर थेट पुढच्या वर्षी.

“मी नाव देऊ की नको?” रेजिसने विचारलं. “तुझ्याशिवाय देणार नाही, हे मी सांगितलंय. पण आज हो किंवा नाही ऐकल्याशिवाय मी बैठकीला जाणार नाही.”

“संध्याकाळी सांगते.”

“एप्रिलपासून तू संध्याकाळी सांगतेयस.”

“आणखी एक वर्ष ठेवलं तर काय बिघडतं, रेजिस? अजून फुलतंय ते.”

“फुलतंय,” तो म्हणाला. त्याने टोपी काढून कपाळ पुसलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. “गेल्या कापणीला त्यातून जेवढं तेल निघालं, त्याहून जास्त डिझेल मी तिथे जाळलं. रोगट झुडपांतून रोग पसरवणारा किडा आता पलीकडच्या नव्या शेतात जातोय. एकदा दुपारी वर ये आणि बघ. बाकी मी काही बोलत नाही.”

“मी रोज बघते ते शेत.”

“तू रोज संध्याकाळी बघतेस.”

तो ट्रॅक्टर घेऊन गेला. नोएली धुळीत उभी राहिली. रेजिसला काय सांगायचं, ते खरं तर तिला ठाऊक नव्हतं. आईने तरुणपणी डोंगरावरच्या रानटी लॅव्हेंडरचं बी गोळा करून ते शेत धरलं होतं. मधे दोनदा शेत मोडून गहू पेरला, पुन्हा लावलं, पण बी दरवेळी आईचंच, त्याच झुडपांचं. या खेपेस ते जमणार नव्हतं. रोगट झुडपाचं बी कुणी धरत नाही. उपटलं की संपलं. आणि शेत संपलं की सहलही संपली, म्हणजे चार माणसांपुढे उभं राहून काहीतरी समजावून सांगण्याचं तिचं उरलंसुरलं काम. हे दुसरं ती रेजिसला कधी बोलली नव्हती. स्वतःशीही फारसं बोलत नसे.

आता मुख्य अडचण वेळेची होती. सूर्य अजून डोक्यावरून जरासाच कललेला, आणि ही माणसं इथे नऊपर्यंत असणार. तिने त्यांना शेडमध्ये घेतलं. तांब्याचा जुना अर्काचा हंडा दाखवला. त्यात फुलं कशी दाबायची, खालून वाफ कशी सोडायची, थंड नळीतून पाणी आणि तेल एकत्र कसं येतं आणि तेल कसं आपसूक वर तरंगतं, हे तिने सांगितलं. एरवी ती हे भराभर आटपायची. आज तिने ते चिंगमासारखं ताणलं. मग मध चाखवला. मग आईचा विळा आणि पाठीवर बांधायचं गोणपाट दाखवलं.

“हे पाठीवर घेऊन दिवसभर वाकून कापायचं?” एका बाईंनी विचारलं.

“दिवसभर.”

“मग पाठीचं काय व्हायचं?”

“दुखायची.”

“तेवढं तरी आमच्यासारखंच,” बाई म्हणाल्या आणि बाकावर बसल्या.

त्यांच्या पाठोपाठ सगळेच बसले. शेडमध्ये पंखा होता, पण तो गरम हवाच इकडची तिकडे करत होता. नोएलीने दुसऱ्यांदा मध फिरवला. कुणी घेतला नाही. वर्गात वर्ष संपताना, जूनच्या उकाड्यातल्या शेवटच्या तासाला पोरांचे डोळे असेच मिटायला लागायचे. नवीन होती तेव्हा ती त्यांना दामटून जागं ठेवायची. पुढे शहाणी झाली. मग ती म्हणायची, डोकी बाकावर ठेवा, आणि स्वतःही खिडकीशी गप्प बसायची. त्यातली काही पोरं आता आजोबा झालेली होती आणि अजून तिला त्या तासांबद्दल सांगायची, धड्यांबद्दल नाही.

“डोकी टेका थोडा वेळ,” ती म्हणाली. “सूर्यास्ताला अजून अवकाश आहे. मी उठवते.”

एकानेही नाही म्हटलं नाही. थोड्याच वेळात शेडमध्ये घोरण्याचे दोन सूर लागले. नोएलीला वाटलं, आपणही एका बाकावर आडवं व्हावं. ती खाली टेकणार, तेवढ्यात ह्युगेत तिच्या कानाशी आल्या.

“अशील नाहीये.”

“कोण अशील?”

“आमचा एक. उंच, वाकलेला, निळा शर्ट. दर सहलीत हरवतो. मठात पापांची कबुली देतात त्या खोलीत सापडला होता.”

“रांगेत असेल.”

“रांग संपली. मी आत वाकून बघितलं.”

नोएली बाहेर आली. बसमध्ये ल्युदोविक एकटाच होता, तोंड उघडं. मधमाश्यांच्या पेट्यांपाशी कुणी नव्हतं. खालचं शेत गेल्या आठवड्यात कापलेलं, तिथे ससाही लपला नसता. मग तिने नजर वर नेली. वरच्या शेताच्या मधोमध, जुन्या दगडांच्या ढिगावर, निळा ठिपका दिसत होता.

“ओहो,” ती स्वतःशीच म्हणाली.

हाक मारून उपयोग नव्हता, वारा उलटा होता. रस्त्याने वळसा घातला तर लांब पडलं असतं आणि गुडघ्यांनी ते ऐकलं नसतं. ती सरळ शेतात शिरली.

पहिल्या काही ओळी तिने खाली मान घालून, पाऊल जपून टाकण्यात घालवल्या. मग तिने वर पाहिलं आणि ती थबकली.

ऊन वरून पडत होतं. कुठेही सावली नव्हती, त्यामुळे कशामागे काही लपत नव्हतं. ओळ म्हणून जे होतं त्यात एक झुडूप जिवंत, पुढची दोन करडी, जळक्या झाडूसारखी, मग नुसती पांढरी खडकाळ माती, मग एक झुडूप अर्धं फुललेलं आणि अर्धं मेलेलं. मधमाश्यांचा आवाज होता, पण विरळ, एखाद्या दुकानात दोनच गिऱ्हाइकं असावीत तसा. तिने पायाजवळच्या एका करड्या झुडपाला हात लावला. ते मुळासकट तिच्या हातात आलं. जोर लावावाच लागला नाही. मुळं काळी पडून भुसभुशीत झाली होती.

दुपारच्या वेळी या शेतात आपण शेवटचं कधी आलो होतो, हे ती आठवू लागली. मागच्या वर्षी नाही. त्याच्या आधीच्या वर्षी पाण्याचा पाइप फुटला होता तेव्हा, पण तेही बांधावरूनच. रोज संध्याकाळी ती बांधापाशी उभी राहायची, लोकांना दाखवायची आणि लोक “आहा” म्हणायचे. त्यांच्याबरोबर तीही बघायची. लोकांना फसवतो आहोत याची तिला थोडी लाज होती, फार नव्हती. पण त्या गर्दीत सगळ्यात नेमाने येणारी प्रेक्षक आपणच होतो, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

ती हातातलं झुडूप घेऊनच दगडांच्या ढिगापर्यंत गेली. अशील बसला होता. बूट काढून शेजारी ठेवलेले.

“मस्यू, तुमच्या अध्यक्षबाई तुम्हाला शोधताहेत.”

“शोधू द्या. तिला त्यात बरं वाटतं.” त्याने सरकून जागा केली. “रांग लांब होती, म्हणून जरा आडोशाला आलो होतो. मग इथे वारा लागला. बसा. तुम्ही दमलेल्या दिसता.”

“तुम्हीही.”

“मी कालपासूनच दमलोय. बस म्हणजे काही बसणं नव्हे.”

ती बसली. दगड तापले होते, पण बसल्यावर गुडघ्यांनी जो निःश्वास टाकला तो तिला जवळजवळ ऐकू आला. अशीलने हनुवटीने शेत दाखवलं.

“हे दाखवणार होतात आम्हाला?”

“हेच. पण नंतर. आणि तिकडून.” तिने खालच्या कोपऱ्याकडे हात केला. “सूर्य उतरला की तिकडून भरलेलं दिसतं.”

असं सरळ उत्तर आपण दिलं याचं तिचं तिलाच नवल वाटलं. अशीलला मात्र वाटलं नाही.

“मीही दाखवतो,” तो म्हणाला. “आमच्याकडे खाण बंद पडल्यावर तिचं संग्रहालय केलं. मी त्याच खाणीत काम केलेला, म्हणून मला घेतलं. लोकांना खाणीत उतरायच्या पिंजऱ्यात उभं करतो, दार लावतो, दिवे घालवतो. पिंजरा हलतो, गडगडतो, कानात दडे बसल्यासारखं होतं. मग दार उघडतं आणि पुढे बोगदा. लोकांना वाटतं, आपण जमिनीच्या पोटात आलो.”

“आणि?”

“आणि काय? पिंजरा जागच्या जागी हलतो. बोगदा पलीकडच्या शेडमध्ये बांधलेला आहे. खरी खाण तर पाण्याने केव्हाच भरली.”

नोएलीला हसू आलं. दिवसात पहिल्यांदा.

“लोक चिडत नाहीत?”

“त्यांना मी शेवटी सांगतो. मग ते अजूनच खूश होतात. बक्षिसी देतात.” तो पायाची बोटं हलवत म्हणाला, “दमायला मात्र होतं. खाली उतरायचो तेव्हाही एवढा दमत नव्हतो. खाली न गेलेल्या पिंजऱ्यातून बाहेर पडताना दरवेळी घाम पुसायचा, म्हणजे कामच आहे ते.”

“मग सोडत का नाही?”

“घरी काय करू? ह्युगेत शेजारी राहते.” त्याने बुटातला खडा झटकला. “तुम्हाला हे शेत असं झालंय, ते ठाऊक होतं?”

“मी दुपारी इथे येत नाही.”

“का?”

“गुडघे.”

अशीलने तिच्या हातातल्या वाळक्या झुडपाकडे पाहिलं, मग तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

“हां,” तो म्हणाला. “गुडघे वाईटच.”

तो बूट घालू लागला. दोघं एकमेकांना आधार देत, फटींमधून वाट काढत खाली आले. शेडच्या दारात ह्युगेत छत्री मिटून उभ्या होत्या.

“कुठे होतास?”

“शेतात.”

“सूर्यास्ताच्या आधीच? आम्ही सगळे एकत्र बघणार होतो.”

“मी अर्धंच पाहिलंय,” अशील म्हणाला. “उरलेलं तुमच्याबरोबर बघतो.”

सावल्या लांबल्यावर नोएलीने सगळ्यांना उठवलं आणि नेहमीच्या वाटेने वर नेलं. माणसं झोपेतून उठलेल्या मुलांसारखी मुकाट चालली. चढ थोडाच होता, तरी दोनदा थांबावं लागलं. बांधापाशी पोचेपर्यंत सूर्य डोंगरावर टेकायला आला होता. तिने त्यांना ओळीने उभं केलं, उंच माणसं मागे, शाळेच्या फोटोसारखी. आणि मग ते झालं, रोज होतं तसंच. फटी मिटल्या. तुरे पेटले. सगळं शेत एका दमात जांभळं झालं.

“आहा,” कुणीतरी म्हणालं. ज्या बाईंची पाठ दुखत होती, त्यांनी डोळे पुसले.

नोएलीने पाहिलं, आणि ते सुंदर होतं. दुपारी पाहून आल्यावरही सुंदरच होतं. ते खोटं दिसेल अशी तिची अपेक्षा होती, किंवा कदाचित आशा. तसं दिसलं असतं तर सोपं झालं असतं.

ती बोलायला लागली. हे शेत माझ्या आईने धरलं. माझी आई डोंगरावर जायची, पहाटे, आणि—

खालच्या वाटेवर रेजिसची व्हॅन येऊन थांबली. त्याने अंगात स्वच्छ शर्ट घातला होता, बैठकीचा. त्याने हॉर्न वाजवला नाही. खिडकीची काच खाली करून तो नुसता बसून राहिला.

“एक मिनिट,” नोएली लोकांना म्हणाली आणि वाक्य तसंच टाकून खाली उतरली. ती खिडकीशी जाईपर्यंत रेजिस समोरच बघत होता.

“नाव दे,” ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं.

“सप्टेंबरला?”

“सप्टेंबरला. सोमवारी कापून घे, मग उपट.”

“नक्की? नंतर मला हिवाळाभर ऐकवशील.”

“ऐकवीनच. ते वेगळं.” तिने व्हॅनच्या दारावर हात टेकला. “मी दुपारी गेले होते.”

“तू? चालत?”

“एक म्हातारा वर जाऊन बसला होता. त्याला आणायला.”

रेजिसने इंजिन बंद केलं. तिला वाटलं होतं, त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसेल. तसं काही दिसलं नाही. तो एप्रिलपासून ज्याची वाट बघत होता ते मिळालं होतं, आणि तो एखादं जड पोतं हातात आल्यासारखा बसला होता.

“मला वाटत होतं, तू नाहीच म्हणशील,” तो म्हणाला. “म्हणजे मग मला उपटावं लागलं नसतं.”

“मग माझ्या नावाने खडे फोडत बसला असतास.”

“बसलो असतो.” त्याने स्टिअरिंगवरची धूळ पुसली. “खपलीच्या जातीच्या गव्हाचं बी देतो म्हणालाय शेजारचा. दोन वर्षं तो पेरू. जमीन स्वच्छ झाली की मग बघू.”

“लॅव्हेंडर लावलंस तरी रोपं नर्सरीचीच.”

“नर्सरीचीच.”

“जा, उशीर होईल,” ती म्हणाली. तो गेला. ती परत वर आली, आणि तेवढ्या चढाने तिला एवढी धाप लागली की ती बांधावरच बसली. सहलीत ती कधी बसत नसे.

“मादाम, तुमची आई डोंगरावर जायची, तिथे थांबलात,” ह्युगेत म्हणाल्या.

“हो. बी आणायला जायची. त्या बियांचं हे शेत आम्ही सप्टेंबरात उपटून टाकतोय. आत्ताच ठरलं.”

“एवढं सुंदर शेत?”

“थोडं थांबा. सूर्य जाऊ द्या.”

या वेळेपर्यंत ती लोकांना खाली घेऊन गेलेली असायची. आज तिने कुणाला हलवलं नाही. सूर्याची शेवटची कड डोंगरामागे गेली. तुरे विझले. उजेड सगळीकडून सारखा झाला आणि त्या राखाडी उजेडात ओळी एकेक करून तुटायला लागल्या. आधी जवळची एक फट दिसली, मग दोन, मग वरपर्यंत सगळ्याच. माणसं पुढे सरकून बघू लागली.

“इथे मधे काहीच नाहीये,” एक आजोबा म्हणाले.

“नाहीच आहे,” नोएली म्हणाली. “तुडतुड्यासारखा एक बारीक किडा असतो, तांदळाएवढाही नाही. तो आजारी झुडपाचा रस पितो आणि मग निरोगी झुडपावर जाऊन बसतो. रोग त्याच्या तोंडातून जातो. आधी एक फांदी पिवळी पडते. माणूस म्हणतो, ऊन लागलं असेल. पुढच्या वर्षी अर्धं झुडूप जातं. माणूस म्हणतो, पाऊस कमी झाला. तिसऱ्या वर्षी झुडूप जातं, पण तोवर किडा शेजारी गेलेला असतो.”

“औषध नाही?”

“नाही. उपटायचं, जमिनीला दुसरं काही द्यायचं आणि वाट बघायची.”

तिच्या आवाजात पाठ केलेलं काही नव्हतं. हे ती पहिल्यांदाच कुणाला सांगत होती. ऐकणारे दमलेले होते, उभे राहून पाय दुखत होते, तरी कुणी मधे घड्याळ बघितलं नाही. एका बाईंनी विचारलं, तो किडा दिसतो का. नोएलीने सांगितलं, सकाळी पानाच्या मागे, नीट बघितलं तर. दुसऱ्या कुणी विचारलं, झुडपाला दुखतं का. ते ठाऊक नाही, ती म्हणाली.

“आणि काल आलेल्या लोकांना?” ह्युगेत म्हणाल्या. “त्यांना तुम्ही हे दाखवलंत?”

“त्यांना मी लवकर खाली नेलं.”

ह्युगेतनी मिटलेली छत्री काखेत घेतली. मग म्हणाल्या, “आम्हाला साबणाच्या कारखान्यातही लवकर बाहेर काढलं होतं. तिथे काय असेल आता, कोण जाणे.”

दोघीतिघी हसल्या. मग पाठ दुखणाऱ्या बाईंनी, जरा संकोचून, विचारलं, “मादाम, सोमवारी कापणारच आहात, तर चार तुरे खुडले तर चालतील?”

“खुडा. पण फुललेल्यांचे. करड्यांना हात लावू नका, ती हातात येतात.”

माणसं वाकत, कण्हत, एकमेकांना धरत ओळींमध्ये शिरली. खाली बसचे दिवे लागले, इंजिन सुरू झालं. अशील मागे राहिला होता. त्याने काहीच खुडलं नव्हतं. तो बांधापाशी आला आणि त्याने हात पुढे केला.

“उठवू?”

“उठता येतं मला,” नोएली म्हणाली. “पण आत्ता नको.”

अशील तिच्या शेजारी बसला. समोर माणसं अंधुक दिसत होती, फटींमध्ये थांबत, झुडपापाशी वाकत, पुढे जात. ह्युगेत कुणाला तरी सांगत होत्या, हा तुरा नको, पलीकडचा घे, हा मेलाय.